चौथ्या मजल्यावरची फळी

"धरा, धरा! अहो पडतोय मी, धरा की कुणीतरी!" आबासाहेब ओरडले आणि त्यांनी माझ्या दाराचा पडदा दांडीसकट खाली ओढला.

आबासाहेब म्हणजे आमच्या शेजारचे रिटायर हेडमास्तर. छत्तीस वर्षं पोरांना सरळ उभं राहायला शिकवलेला माणूस, आणि आमच्या केडगावच्या दोन खोल्यांच्या घरात खुर्चीवर बसल्या बसल्या पडत होता. डोक्यावर काळं, भलंमोठं हेल्मेट, त्यातून निघालेली जाड वायर कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरला. चेहऱ्याची हनुवटी तेवढी दिसत होती आणि ती घामाने भिजली होती. हेल्मेट काढल्यावर मास्तर बराच वेळ पायाखालची फरशी तळव्याने चाचपत राहिले.

"फार खोल आहे हो," म्हणाले, आणि पाणी मागितलं.

मी पडदा उचलला. बोलणार काय? वयाने मोठा माणूस. पण त्या आठवड्यात एक कपबशी, मिठाची बरणी आणि आता हा पडदा, इतकं माझं त्या हेल्मेटपायी गेलं होतं, आणि घरधनी मात्र दात काढून हसत होते.

घरधनी म्हणजे पंकज. तोंडाने मी नवऱ्याचं नाव घेत नाही, लिहिताना चालतं. हा सुप्याच्या कंपनीत ऑपरेटर. तिथे नवीन मशीन बसवायला एक जर्मन साहेब आला होता. हॉटेलचं खाऊन खाऊन त्याचं पोट बिघडलं, तेव्हा ह्याने आपल्या डब्यातली अर्धी भाकरी त्याला द्यायला सुरुवात केली. बाजरीची भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी. साहेब सुधारला. आठ महिने जेवला आणि जानेवारीत मायदेशी निघताना, ओझं कोण नेतंय म्हणून, आपला कॉम्प्युटर आणि हे हेल्मेट पंकजला देऊन गेला. सत्त्याण्णव साल ते. आमच्या गल्लीत रंगीत टीव्ही तीन, टेलिफोन एक, आणि आमच्याकडे हे! पंकज जगाला सांगत होता, "साहेबानं माझं काम बघून दिलं." काम बघून नाही, माझ्या भाकरी बघून दिलं. पण बायकोचं कोण ऐकतो?

ते घरात आलं त्या संध्याकाळी पंकजने जेवणसुद्धा केलं नाही. हेल्मेट चढवलं, पट्टा आवळला आणि मान गरागरा फिरवायला लागला.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

विचारून काय उपयोग! कानांवरही त्या हेल्मेटच्याच वाट्या, बाहेरचं काही ऐकूच येत नाही. आणि मग एकदम, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "जयमाला, अगं सगळीकडं हाय हे! मागं वळलं तर मागंसुदिक हाय!" बाहेर कुत्री भुंकायला लागली. कान झाकलेल्या माणसाला आपण किती मोठ्याने बोलतोय ते कळत नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

दुसऱ्या दिवशी तो कामाला गेला होता तेव्हा मी हळूच घालून बघितलं. खोटं कशाला बोलू, मलाही राहवत नव्हतं. आधी नुसता अंधार आणि रबराचा वास. मग मी एकदम एका अर्धवट बांधलेल्या इमारतीपुढे उभी. भिंती ढोबळ, चौकोनी ठिपक्यांच्या, रंग भडक. हे खरं नाही हे लहान पोरालाही कळलं असतं. पण मान वर केली की इमारत वर वर जात होती, मान वळवली की बाजूची भिंत समोर येत होती. आणि माझे हात नव्हते. माझी साडी नव्हती. गोधडीवर ठेवलेली माझी आठ महिन्यांची सायली रडायला लागली, तर आवाज कुठल्या बाजूने येतोय ते कळेना. मी हेल्मेट उपसून काढलं आणि मोरीत जाऊन ओकले. माझा खेळ तिथेच संपला.

खेळ सांगायला सोपा. सहा मजली इमारत, आतून पोकळ, प्रत्येक मजल्यावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फळ्या टाकलेल्या. हातात एक बटण. ते दाबलं की आपण चालतो, आणि जिकडे तोंड असेल तिकडे जातो. सगळ्यात वर झेंडा, तो गाठायचा. पण फळीवरून खाली बघितलं की तोंड खाली, म्हणजे माणूसही खाली. आणि खाली न बघणारा माणूस मला तरी भेटला नव्हता. खुर्चीवर बसलेला माणूस आत काय बघतोय ते बाहेर कॉम्प्युटरवर सगळ्यांना दिसायचं, त्यामुळे पडणाऱ्यापेक्षा बघणाऱ्यांचीच चंगळ. जर्मन साहेब स्वतः चौथ्या मजल्यापर्यंत पोचला होता म्हणे. पंकजही चार दिवसांत चौथ्यापर्यंत गेला आणि तिथे अडकला. रोज तिथेच पडायचा. "चौथ्यावर माझाच तोल जातोय," म्हणायचा, आणि मानेला बाम चोळून घ्यायचा, कारण ते हेल्मेट सव्वा-दीड किलोचं तरी असेल, आणि डोक्यावर नीट बसायचंही नाही. जर्मन डोक्याच्या मापाचं ते.

ह्या सगळ्या गडबडीत माझी सासू कुठे होती? बाहेर, पायरीवर.

भागिरथीबाई तिचं नाव. मी आत्या म्हणते. तीस वर्षं तिने बिगारी काम केलं. नगरच्या निम्म्या नव्या इमारतींचा माल तिच्या डोक्यावरून वर गेलाय. सासरे पंकजच्या लहानपणीच वारले, आणि हिने घमेली वाहून पोराला आयटीआय केलं. आम्ही हे घर बांधलं तेव्हा स्लॅबच्या दिवशी घरची मालकीण म्हणून तिला खुर्ची दिली होती. दहा मिनिटं बसली असेल. मग पदर खोचला आणि रांगेत जाऊन उभी राहिली. म्हणाली, "बसून माज्या घराचा स्लॅब बघू व्हय?"

हीच बाई अकरा महिन्यांपूर्वी परांचीवरून, म्हणजे बांधकामावरच्या बांबू-फळ्यांच्या मचाणावरून पडली. दुसऱ्या मजल्यावरून, भरल्या घमेल्यासकट. खाली वाळूचा ढीग होता म्हणून वाचली, उजवा दंड मात्र मोडला. तिथला मुकादम गोरक्षनाथ तिला दवाखान्यात घेऊन गेला आणि त्यानेच सांगितलं, म्हातारीला चक्कर आली. पहिले दोन दिवस आत्या म्हणत होती, "फळी मोडली." पंकज जाऊन बघून आला. मुकादमाने त्याला फळी दाखवली, चांगली धडधाकट. पंकज परत आला आणि आईला म्हणाला, "आई, वय झालं आता. ऱ्हाऊ दे." मी काय म्हणाले? मीही तेच म्हणाले. मला दिवस गेलेले, सहावा महिना, घरात हाताशी एक माणूस मिळणार होतं. पटवून घ्यायला काय लागतं!

मग बायका विचारायला यायच्या. कशी पडलीस गं भागाबाई? आधी ती फळीचं सांगायची. समोरची बाई मान हलवायची, डोळ्यात कीव. दोन-तीन महिन्यांनी एक दिवस मी भाजी निवडत होते आणि बाहेरून तिचा आवाज आला, "आली आसंल बाई चक्कर. आठवत न्हाई आता." त्या दिवसापासून ती भिंतीला हात लावून चालायला लागली.

आणि सायली झाल्यावर मी तिला उभ्याने कधी पोर घेऊ दिली नाही. हे मला लिहायला लाज वाटते, पण लिहिते. पोर रडायला लागली की आत्या हात पुढे करायची. मी म्हणायची, "आत्या, आधी खाली बसा." ती बसायची. मांडी घालायची, पदर सारखा करायची, मग मी पोर तिच्या मांडीवर ठेवायची. एका शब्दाने कधी बोलली नाही. एकदा मी अंघोळ करत होते आणि पोर उठली. मी अंगावर कसंबसं लुगडं गुंडाळून बाहेर आले तर आत्या पाळण्याशी उभी. दोन्ही हात पाळण्याच्या दांडीला. पोर आतमध्ये टाहो फोडतेय आणि तिने उचललेली नाही.

"घ्यायची ना!" मी खेकसले.

"तू न्हवतीस," आत्या म्हणाली. "माजा काय भरवसा."

तेव्हा मला बरंच वाटलं, खरं सांगते. म्हटलं, समजतंय म्हातारीला.

तर मास्तरांनी पडदा ओढला तो रविवार. विहारातली वंदना आटोपून अर्धी गल्ली आमच्याकडे लोटली होती. आबासाहेब पडले, पाणी प्यायले, आणि सोबत आणलेल्या माणसाला म्हणाले, "आता तुम्ही बसा मुकादम. तुमचं तर रोजचंच काम."

तो मुकादम म्हणजे तोच गोरक्षनाथ. आबासाहेबांच्या घरावर वरची खोली चढत होती, ते काम त्याच्याकडे. आत्या पडल्यापासून आमच्या दाराला तो आला नव्हता. त्या दिवशीही मास्तरांनी ओढला म्हणून आला. पायरीवर आत्या बसलेली बघून "बरं हाय ना मावशी," एवढं बाजूला बघत बोलला आणि आत घुसला.

"पंचवीस वर्षं झाली फळीवर," तो खुर्चीत बसत म्हणाला. "मला काय पाडतंय तुमचं यंत्र!"

पहिली फळी ओलांडली. दुसऱ्या फळीच्या मध्यावर थांबला, खाली बघितलं. "आयो!" असा केकाटला की सायली दचकून रडायला लागली. खुर्चीवरून घसरून तो खाली फरशीवरच बसला आणि हेल्मेट काढल्यावरही उठेना. लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली.

"काय मुकादम," आबासाहेब डोळे पुसत म्हणाले, "तुम्हालाही चक्कर आली का?"

मास्तर थट्टेने बोलले, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण मी दाराकडे बघितलं. आत्या पायरीवरून उठली होती. एक हात चौकटीला लावून आत बघत होती.

"मला दे," ती पंकजला म्हणाली.

"काय?"

"त्ये टोपडं. मला दे."

पंकज हसला. "आई, अगं तुला कशाला? चांगली चांगली मानसं पडत्यात. तुला आधीच..." पुढचं त्याने गिळलं.

"चांगली मानसं पडत्यात, मग मी पडले तर काय नवल?" आत्या आत आली. "दे की रं. तुजी भाकरी मागून ऱ्हायल्यावानी काय करतुयास!"

लोक हसले. पंकजने खुर्ची पुढे सरकवली. आत्याने खुर्ची पायाने बाजूला केली.

"आत्या, बसून," मी म्हणाले.

"बसून वझं वाहतंय व्हय कुनी?" ती म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली.

पंकजने हेल्मेट डोक्यावर ठेवलं. ते डुगडुगलं, एका कानावर कललं. आत्याने ते दोन्ही हातांनी परत उचलून त्याच्या हातात दिलं. "जयमाला, येक फडकं आन गं. जुनं, सुती."

मी सायलीचं दुपटं दिलं. तिने ते पिळलं, गोल वळलं, टोक आत खोचलं आणि चुंबळ करून डोक्यावर ठेवली. अकरा महिन्यांनी केली असेल, पण हाताला विचारावं लागलं नाही. चुंबळीवर हेल्मेट बसलं आणि हललंच नाही. पंकज बघतच राहिला. आठवडाभर हा बाबा पट्टे आवळत होता, कागदाच्या घड्या कोंबत होता.

तिच्या हातात बटण दिलं. "हे दाबायचं, आनि जिकडं जायचं तिकडं तोंड..." पंकज सांगत होता, पण कान झाकले गेले होते. तिला काही ऐकू येत नव्हतं.

"आगं बया," आत्या मोठ्याने म्हणाली, आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली. मान हळूच डावीकडे, हळूच उजवीकडे. बाकीचे सगळे माना झटकायचे. हिची मान तेवढी फिरत होती, खांदे जागेवर. मग ती चालायला लागली. म्हणजे उभी होती जागेवरच, पण कॉम्प्युटरवर इमारत पुढे सरकायला लागली.

पहिली फळी. दुसरी फळी. मुकादम जिथे पडला तिथून ती थांबलीसुद्धा नाही. खोलीत हसणं चालूच होतं, कुणीतरी म्हणालं, "म्हातारी पडंल आता, पडदा धरा!" दुसरा मजला संपला. तिसऱ्यावर फळी अरुंद, वळण घेऊन जाणारी. कॉम्प्युटरवर आम्हाला एकदाही खालचा खड्डा दिसला नाही. फक्त समोरची भिंत, जिथे पोचायचं ती. हळूहळू मोठी होत जाणारी.

"पायाकडं बघायचंच न्हाई," आत्या स्वतःशी बोलत होती, पण आवाज सगळ्या घराला ऐकू येत होता. "पाय आपलं आपन येत्यात."

हसणं थांबलं. मी सायलीला छातीशी धरलं होतं. मला तो खेळ वाटतच नव्हता. मला वाटत होतं आत्या खरंच तिथे वर आहे आणि मी खाली उभी राहून बघतेय. अकरा महिन्यांत मी तिला मोकळ्या हातांनी, कशालाही न धरता, इतका वेळ उभी बघितली नव्हती.

चौथा मजला आला. "आता," पंकज पुटपुटला. सगळ्यांना माहीत होतं, इथेच तो पडतो, साहेबही इथेच पडायचा. समोर सरळ, रुंद फळी. तिसऱ्यापेक्षा सोपी. आणि डाव्या कोपऱ्यातून भिंतीला चिकटून जाणारी एक बोटभर अरुंद फळी, लांबच्या वळणाची. तिच्याकडे कुणी कधी बघितलंही नव्हतं.

आत्या थांबली.

"जा की," कुणीतरी म्हणालं. तिला ऐकू येणार नव्हतं.

तिने मान किंचित पुढे केली. कॉम्प्युटरवर ती रुंद फळी जवळ आली, आणि आठवड्यात पहिल्यांदा आम्हाला दिसलं की तिच्या मधोमध एक काळी रेघ आहे. बारीक, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. पंकज कॉम्प्युटरपाशी वाकला.

"ही न्हाई," आत्या म्हणाली. "ही मोडकी हाय. मदी चिरलीया."

 आणि मग, हेल्मेटच्या आत, आपल्याला कुणी ऐकतंय हे जिला कळत नाही त्या माणसाच्या आवाजात ती बोलली. मोठ्याने, स्पष्ट.

"आश्शीच हुती ती. तिथंच चिर हुती. घमेल्यामुळं दिसली न्हाई मला. पाय ठिवला अन् कडाकलं." तिने मान सरळ केली. "मला चक्कर न्हवती आली. मी धड हुते."

तिने तोंड डावीकडे वळवलं आणि कोपऱ्यातल्या अरुंद फळीवर गेली.

मी गोरक्षनाथकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. तो फरशीवर बसल्या जागी खाली मान घालून टाचेची चामडी काढत होता.

पुढचे दोन मजले मला नीट आठवत नाहीत, माझे डोळे भरले होते. एवढं आठवतं की पाचव्यावर गल्लीतल्या बायका "सांभाळ गं भागाबाई" म्हणत होत्या, जणू तिला ऐकू जाणार होतं. सहाव्यावर आबासाहेबांनी माझा पडदा पुन्हा मुठीत धरला. आणि मग समोर लाल झेंडा आला, मोठा झाला, आणि कॉम्प्युटरमधून तुतारीसारखा आवाज निघाला. साहेबाला न जमलेलं, आयटीआयला न जमलेलं! घर नुसतं दणाणलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या, बायकांनी टाळ्या वाजवल्या, पंकज नाचायला लागला. आत्याला ह्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती आपली मान वर करून शांतपणे बघत होती. वर त्या ठिपक्यांचं निळं आभाळ, दुसरं काही नाही.

"पोचले बाई," ती म्हणाली. मग जरा काळजीने, "आरं, आता उतरायचं कुठनं?"

खो खो हसत पंकजने हेल्मेट काढलं. आत्याने डोळे मिचकावले. लोक टाळ्या वाजवतायत हे बघून लाजली, चुंबळ काढून हातात घेतली. आणि मग तिला खोलीतला बदल जाणवला असावा, कारण तिने विचारलं, "काय झालं? मी काय बोलले का?"

 पंकजचं हसू गेलं होतं. तो आईकडे बघेना, मुकादमाकडे बघत होता, आणि त्याच्या मुठी वळलेल्या मला दिसल्या.

गोरक्षनाथ उठला. जायला निघाला असं वाटलं, पण दाराशी गेला आणि वळला.

"मावशी," तो म्हणाला. "फळी चिरलेलीच हुती."

आत्याने चुंबळीवरची नजर वर केली.

"सकाळीच बघितली हुती मी. म्हनलं, आजचा दिस काढंल. तू पडली अन् मी ती जाळून टाकली, अन् पंकजला दुसरी दावली. मालकाला कळलं आसतं तर माजं काम गेलं आसतं." तो चौकटीला टेकला. "चक्कर मी लावली तुज्यामागं."

"हरामखोरा," पंकज पुढे झाला. आबासाहेबांनी त्याचा दंड धरला.

"थांब रं पंकज," आत्या म्हणाली. तिने मुकादमाकडे बघितलं. मला वाटलं ती शिव्या घालील, आणि घालाव्यात असं मला फार वाटत होतं. पण तिच्या तोंडावर राग नव्हताच. दुखणं उतरल्यावर माणूस पहिल्यांदा अंथरुणात उठून बसतो ना, तशी ती दिसत होती.

"म्हंजी फळीच मोडली," ती म्हणाली.

"व्हय."

"मी धड हुते."

"व्हय मावशी. धड हुतीस."

"ह्ये हितं बोललास, त्ये बरं केलंस. आता मालकाकडं जाऊन बोल. आन् गल्लीत ज्याला ज्याला चक्कर सांगितलीस, त्येच्या त्येच्या दारात जाऊन बोल. मास्तर येतील संगट."

"येतो की," आबासाहेब म्हणाले. "आत्ता येतो. वहीच घेतो, कुणाचं घर राहायला नको."

"पाया पडतो, मावशी," गोरक्षनाथ म्हणाला. "उद्यापास्नं कामावं ये. बसून काम देतो, पोरांवर देखरेख..."

"बसून?" आत्या हसली. इतक्या महिन्यांत मी ते हसणं ऐकलं नव्हतं. "आधी तुज्या फळ्या तपासायला येते उद्या. येकेक फळी. मास्तरांची खोली चढतीया, कुनाची तरी पोरगी घमेलं घिऊन जात आसंल त्येच्यावरनं. मग कामाचं बगू."

आबासाहेब आणि मुकादम गेले. मागोमाग लोकही गेले, जाताना प्रत्येक बाई आत्याच्या हाताला हात लावून गेली. पंकज कॉम्प्युटरपाशी पाठमोरा उभा होता आणि उगाच वायरी सारख्या करत होता. थोड्या वेळाने तसाच, न वळता म्हणाला, "आई, मी तुजं ऐकायला पायजे हुतं."

"पायजे हुतं," आत्या म्हणाली. एवढंच. मी मनात म्हटलं, बरं झालं. लगेच "जाऊ दे रे बाळा" म्हणाली असती तर मला आवडलं नसतं.

मग माझी पाळी होती.   सायली माझ्या कडेवर चुळबुळ करत होती. मी दोन पावलं पुढे गेले आणि पोर आत्याच्या पुढे धरली.

आत्याने हातातलं दुपटं खांद्यावर टाकलं. हात पुढे केले, आणि मधेच थांबवले. माझ्याकडे बघितलं.

"बसू का?" तिने विचारलं.

 त्या दोन शब्दांनी मला जे कळलं ते कुणाच्या शिव्यांनी कळलं नसतं.

"नको आत्या," मी म्हणाले. "उभ्यानेच घ्या."

तिने पोर घेतली. कडेवर बसवली, एक हात पाठीशी. सायलीने लगेच तिच्या कानातली कुडी धरली आणि ओढली. "आगं, आगं," आत्या म्हणाली, "कान तोडती का काय माजा! चल, वर जाऊ. तुज्या आजीनं वाह्यलेला स्लॅब दावते तुला."

आमचा जिना बाहेरून आहे. उघडा, अजून कठडा बसवलेला नाही, सिमेंटच्या नुसत्या पायऱ्या, एका बाजूला भिंत आणि एका बाजूला हवा. आत्या दारातून बाहेर पडली आणि जिन्याकडे वळली. पंकजने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, बोलू नका.

ती चढायला लागली. मान ताठ, नजर समोर, पोर कडेवर. मी मागोमाग निघाले, एक हात भिंतीला धरून, एकेक पायरी चाचपत. वरून सायलीचं खिदळणं ऐकू यायला लागलं, आणि मी अजून निम्म्या जिन्यातच होते.